संगणकावरील संगीतलेखन : पुस्तक कोठवर पुरतें?

वणी, पुसद, दिग्रस, दारव्हा किंवा पांढरकवडा अशा यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या गांवीं राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं एक नवा प्रसंग वारंवार घडूं लागला आहे. घरांतील मुलगी पेटीवर बोटें फिरवूं लागते, शाळेच्या स्नेहसंमेलनांत गाते, गणेशोत्सवांत वाहवा मिळविते, आणि एके दिवशीं वडिलांपुढें हट्ट धरते कीं, संगणकावर गाणें तयार करण्याची विद्या तिला शिकावयाची आहे. गांवांत हा विषय शिकविणारा गुरु नसतो. मुंबई सहाशेंहून अधिक किलोमीटर दूर. तेथें राहून शिकण्याचा खर्च पेलण्याजोगा नसतो. तेव्हां तडजोड म्हणून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागविलें जातें. चार-पांचशें पानें, पानोपानीं चित्रें, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं अभ्यासाचे धडे, आणि मुखपृष्ठावर घरबसल्या निपुण करण्याचें आश्वासन. तीन महिन्यांनीं त्या पुस्तकाची स्थिति पाहावी, तर पहिलीं साठ पानें हाताळून मळलेलीं असतात आणि पुढचीं पानें कोरीं असतात. मुलीला वाटतें, आपल्या अंगीं ती बुद्धि नाहीं; वडिलांना वाटतें, पैसे वायां गेले.

दोघांचेंहि म्हणणें बहुधा चुकीचें असतें. पुस्तक कोणतें काम करूं शकतें आणि कोणतें करूं शकत नाहीं, याचा विचार आधीं झालेला नसतो, हें त्या अपयशाचें खरें कारण होय. तो विचार येथें थोडक्यांत मांडला आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न अगदीं नवा नाहीं. संगीत पुस्तकावरून शिकतां येतें काय, यावर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीं मोठा वाद झालेला आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे पेशानें वकील. परंतु त्यांनीं हिंदुस्थानभर प्रवास करून निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांकडून शेंकडों चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपींत उतरविल्या, आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत मराठी वाचकांपुढें ठेविल्या. त्यांची लिपि अगदीं सुटसुटीत आहे. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठीं स्वराखालीं बिंदु, तार सप्तकासाठीं वर बिंदु. समेला गुणिल्याचें चिन्ह आणि खालीला शून्य. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, आणि त्यांनींहि स्वतःची निराळी लेखनपद्धति सिद्ध केली. त्यांच्या शिष्यांनीं १९३१ मध्यें स्थापन केलेल्या मंडळाच्या परीक्षांमुळें ही छापील विद्या पुढें लहान लहान गांवांपर्यंत पोंचली.

जुन्या गवयांचा आक्षेप असा होता कीं, कागदावर चीज उतरते, परंतु गायकी उतरत नाहीं. हा आक्षेप खोटा नव्हता. रेघा आणि बिंदु यांवरून कोणता स्वर कोणत्या मात्रेवर आहे एवढें कळतें. तो स्वर कसा लावावा, तेथवर कोणत्या वळणानें यावें, हें कळत नाहीं. भातखंड्यांनाहि हें पुरतें ठाऊक असलें पाहिजे. कारण त्यांनीं पुस्तकें छापून हात झाडले नाहींत, तर १९१८ मध्यें ग्वाल्हेर येथें आणि १९२६ मध्यें लखनौ येथें विद्यालयें उभीं करण्यांत पुढाकार घेतला. तरीहि पुस्तकाचा लाभ मोठा झाला. गुरूच्या मुखांतून एकदां ऐकलेली चीज विसरली तर ती पुन्हां ताडून पाहण्याचें साधन शिष्याच्या हातीं आलें. पुस्तकानें गुरूची जागा घेतली नाहीं. त्यानें स्मरणाची जागा घेतली. संगणकाच्या पुस्तकाकडे याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे.

आतां हें यंत्र काय करितें तें पाहूं जातां, त्याच्या पोटांत दोन अगदीं निराळ्या प्रकारचीं कामें चालतात असें दिसून येईल. बहुतेक नवशिक्यांची पहिली ठेंच या दोहोंची गल्लत झाल्यानें लागते.

पहिलें काम म्हणजे ध्वनीचें लेखन. आवाज ही हवेंतील लहर होय. मायक्रोफोन त्या लहरीचें विजेच्या कमीजास्त दाबांत रूपांतर करितो, आणि संगणक तो दाब ठराविक काळानें मोजून त्याचा आंकडा टिपून ठेवितो. ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळां होते. एवढ्या वेळां कशासाठीं? मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो. आणि कोणतीहि लहर आंकड्यांत पूर्णपणें पकडावयाची तर तिच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळां ती मोजावी लागते. या नियमाचा पाया हॅरी नायक्विस्ट यांनीं १९२८ मध्यें घातला आणि क्लॉड शॅनन यांनीं १९४९ मध्यें तो गणितानें सिद्ध केला. १९८२ मध्यें बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं हाच ४४,१०० चा आंकडा ठरविला गेला, आणि प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्यांची पट्टी वापरण्यांत आली. या मापानें दोन्ही कानांसाठीं एक मिनिट आवाज सांठवावयाचा तर १ कोटी ५ लाख ८४ हजार बाइट लागतात. मुलीच्या संगणकांतील जागा भराभर कां भरते, याचें उत्तर या गुणाकारांत आहे.

दुसरें काम म्हणजे सूचनांचें लेखन. याला मिडी असें नांव असून ही पद्धति १९८३ मध्यें निरनिराळ्या वाद्यनिर्मात्यांनीं एकमतानें स्वीकारली. यांत आवाज मुळींच नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली, एवढीच नोंद असते. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले आहेत. पेटीवाल्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर मध्य सप्तकांतील पांढरी एक हिला ६०, काळी एक हिला ६१, आणि पांढरी सहा, जिचीं कंपनें सेकंदाला ४४० मानतात, तिला ६९. ही नोंद संगणकांतील कोणत्याहि कृत्रिम वाद्यावर वाजवितां येते. आज सतारीवर, उद्यां बांसरीवर.

म्हणजे पहिल्या प्रकारचें लेखन ग्रामोफोनच्या तबकडीसारखें आहे, आणि दुसऱ्या प्रकारचें भातखंड्यांच्या स्वरलिपीसारखें. तबकडींत गवयाचा श्वाससुद्धां उमटतो, परंतु त्याचा एक स्वर उचलून दुसरीकडे ठेवणें अवघड असतें. स्वरलिपींत हवा तो फेरफार क्षणांत करतां येतो, परंतु तिच्यांत गवई नसतो. ही एक गोष्ट ज्याला समजली, त्याला पुस्तकांतील निम्मीं प्रकरणें आपोआप दोन कप्प्यांत विभागलेलीं दिसूं लागतात.

यानंतर पुस्तक कसें वाचावें हा प्रश्न येतो. अशा पुस्तकांत दोन प्रकारचा मजकूर एकमेकांत मिसळलेला असतो. एक तत्त्वाचा आणि दुसरा कळींचा. अमुक ठिकाणीं दाबा, मग अमुक यादी उघडेल, तींतील चौथें नांव निवडा, हा कळींचा मजकूर. प्रणालीची नवी आवृत्ति निघाली कीं तो जुना होतो. यादींतील चौथें नांव सातवें होतें, कधीं नाहींसेंहि होतें. पुस्तकांतील चित्र आणि पडद्यावरील चित्र जुळलें नाहीं म्हणजे विद्यार्थी घाबरतो. परंतु तत्त्वाचा मजकूर जुना होत नाहीं. यास्तव विद्यार्थ्यानें एक वही घालावी, आणि प्रत्येक प्रकरण वाचून झाल्यावर त्यांतील तत्त्व तेवढें आपल्या मराठींत चार ओळींत लिहून काढावें. जें मराठींत लिहितां येत नाहीं, तें अद्याप समजलेलें नाहीं असें खुशाल समजावें.

दोन उदाहरणें घेऊं. पुस्तक म्हणतें, आवाजाची पातळी लाल रेघेपर्यंत जाऊं देऊं नका. कां? तर संगणकाजवळ सर्वांत मोठा असा एक आंकडा ठरलेला असतो. आवाज त्याहून मोठा आला, तर संगणकाला त्यापुढचा आंकडा लिहितां येत नाहीं. लहरीचा माथा सपाट कापला जातो, आणि कानाला कर्कश फाटलेपण जाणवतें. कापलेला माथा नंतर परत आणतां येत नाहीं. म्हणून सर्वांत मोठा आवाजहि कमाल पातळीच्या सहा ते बारा डेसिबल खालींच राहील अशा बेतानें लेखन करावें. तार षड्ज लावतांना गाणारी बाई मायक्रोफोनपासून किंचित् मागें सरकते, तिच्या त्या संवयींतलें शहाणपण हेंच आहे.

दुसरें उदाहरण विलंबाचें. मुलगी कानाला श्रवणयंत्र लावून गाऊं लागते, आणि तिचाच आवाज तिला किंचित् उशिरां ऐकूं येतो. ती गोंधळून ताल सोडते. पुस्तकांत एके ठिकाणीं एक आंकडा १०२४ वरून २५६ वर आणा, एवढेंच सांगितलेलें असतें. त्याचा अर्थ असा कीं, संगणक एकेक मोजणी सुटी न हाताळतां त्यांचे गठ्ठे बांधतो. १०२४ मोजण्यांचा गठ्ठा भरावयास सेकंदाचे सुमारें तेवीस सहस्रांश लागतात. एवढ्या वेळांत आवाज हवेंतून जवळजवळ आठ मीटर जातो. म्हणजे तबलजी शेजारीं न बसतां आठ मीटरांवर बसला असतां जी अडचण होईल, तीच येथें होते. गठ्ठा २५६ चा केला कीं हा काळ सहा सहस्रांशांहूनहि कमी होतो. मात्र लहान गठ्ठे वारंवार उचलावे लागल्यानें संगणकावर ताण पडतो आणि जुना संगणक अडखळतो. एकदां हें उमगलें म्हणजे कळ कोठेंहि असो, विद्यार्थी ती शोधून काढतो.

धड्यांविषयींहि एक सावधगिरी पाहिजे. पुस्तकाबरोबर अभ्यासासाठीं तयार आवाज दिलेले असतात. सूचनांबरहुकूम कळा दाबीत गेल्यास शेवटीं उत्तम गाणें तयार होतें, आणि आपणांस विद्या आली असा भास होतो. वस्तुतः तें गाणें पुस्तककर्त्यानें केलेलें असतें. यासाठीं प्रत्येक धडा दोनदां करावा. एकदां पुस्तकांतील आवाजावर, आणि दुसऱ्यांदा घरच्या पेटीवर, आजीच्या ओवीवर किंवा देवळांतील भजनाच्या खंजिरीवर. दुसऱ्या वेळीं जें अडेल, तोच खरा धडा.

खर्चाची भीति मात्र बाळगण्याचें कारण नाहीं. ऑडॅसिटी ही प्रणाली अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनीं रचली आणि २००० मध्यें ती सर्वांना विनामूल्य खुली केली. ध्वनिलेखनाचे सर्व मूळ संस्कार तींत शिकतां येतात. मुंबईच्या आय. आय. टी. नें स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाद्वारें अशा खुल्या प्रणालींचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले असून त्यांत ऑडॅसिटीचाहि समावेश आहे. छापील पानाला हात हलतांना दाखवितां येत नाहीं. ती उणीव अशा पाठांनीं बरीच भरून निघते.

खोलीच्या बाबतींत तर कापसाच्या या जिल्ह्याला पुस्तकाहून अधिक सोय आहे. पुस्तकें भिंतींना महागड्या फोमच्या लाद्या लावावयास सांगतात. हेतु एवढाच कीं, गुळगुळीत गिलाव्याच्या भिंतीवरून आवाज परतूं नये. कापसाच्या तंतूंमध्यें शिरलेली लहर त्यांच्याशीं घासून क्षीण होते आणि तिची अल्पशी उष्णता बनते. घरांतील जाड गाद्या आणि गोधड्या दोरीवर टांगून त्यांच्या मध्यें गाणारास उभें केलें, तर तेंच काम होतें. मात्र उन्हाळ्यांतल्या कूलरचा घरघराट कोणत्याहि गोधडीनें थांबत नाहीं. वैशाखांत लेखन करावयाचें तर तें पहांटे, पंखा-कूलर बंद करून करावें. आणि वीज केव्हां जाईल याचा नेम नसल्यानें दर पांच मिनिटांनीं केलेलें काम सांठविण्याची संवय लावून घ्यावी.

येथवरचा भाग पुस्तकाच्या साह्यानें निभावतो. यापुढें मात्र अशी एक गोष्ट येते कीं, जी बहुतेक पुस्तकें सांगतच नाहींत. कारण तीं लिहिणारांना ती गोष्ट म्हणजे अडचण वाटतच नाहीं. या प्रणाली उघडतांच त्यांची चौकट आधींच आंखलेली असते. बहुधा मिनिटाला १२० ठोके, चार-चार ठोक्यांचे गट, आणि सप्तकाचे बारा समान भाग. पाश्चात्त्य गीताला ही चौकट पुष्कळशी जुळते. आपल्या गाण्याला ती कोठें जुळते आणि कोठें काचते, हें विद्यार्थ्यानें स्वतः ठरवावें लागतें.

तालाचें पाहा. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारांच्या चार गटांत नीट बसतात. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रांसाठीं गटाचा आंकडा बदलून घ्यावा लागतो. तो न बदलल्यास सम दर आवर्तनाला निराळ्या जागीं पडलेली दिसते आणि पडद्यावरील रेघांचा काडीचाहि उपयोग राहत नाहीं. विलंबित एकतालांत एक मात्रा पांच सेकंदांची धरली, तर मिनिटाला अवघ्या बारा मात्रा होतात. अशा वेळीं यंत्राची गति ४८ ठेवून चार ठोक्यांची एक मात्रा मानावी. म्हणजे बारा मात्रांचें आवर्तन बरोबर एका मिनिटांत पुरें होतें आणि मात्रेच्या आंतील चार भागहि दिसतात. सम कोणती आणि खाली कोणती हें यंत्राला ठाऊक नसतें. तें गाणाराच्या मनांत असावें लागतें.

स्वराचा प्रश्न याहून नाजूक आहे. षड्जाचीं कंपनें सेकंदाला २४० मानलीं, तर तंबोऱ्याशीं एकजीव होणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांवर लागतो. बारा समान भागांच्या हिशेबानें मात्र तो ३०२·४ वर येतो. हे दोन्ही गंधार एकदम वाजविले तर सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकूं येतात. कानाला ती कुरकुर तत्काळ कळते. पंचमाच्या बाबतींत हा फरक अर्ध्या कंपनाहूनहि कमी असल्यानें तो कोणास खटकत नाहीं. पेटीविषयींचा जुना वाद तो हाच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींची मीमांसा केली, आणि क्लेमेंट्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्यानें श्रुति-हार्मोनियम घडविण्याचा प्रयत्न झाला. पुढें १९४० मध्यें नभोवाणीनें पेटीला मज्जाव केला. तो १९७१ मध्यें अंशतः उठला. पेटीला मींड घेतां येत नाहीं आणि तिचे स्वर ठराविक जागीं खिळलेले असतात, हे त्या वेळचे दोन मुख्य आक्षेप होते. संगणकाच्या प्रणालींत तीच पेटी नव्या वेषांत येऊन बसली आहे. फरक एवढाच कीं, या पेटीचे स्वर सरकवितां येतात. पुष्कळ प्रणालींत प्रत्येक स्वर सूक्ष्म मापानें वर-खालीं करण्याची सोय असते. परंतु ती आहे हें ठाऊक असणाराच ती शोधतो.

१९९७ मध्यें अँडी हिल्डेब्रँड यांनीं ऑटोट्यून नांवाची युक्ति बाजारांत आणली. भूगर्भांतील तेल शोधण्यासाठीं लागणाऱ्या लहरींच्या गणिताचा त्यांचा पूर्वीं अभ्यास होता. गाणाराचा स्वर हलला तर ही युक्ति तो ओढून जवळच्या ठराविक स्वरावर बसविते. बेसूर गाणाऱ्याला ती वरदान वाटेल. परंतु दरबारीचा आंदोलित गंधार तिच्या हातीं दिला, तर तें आंदोलन तिला चूकच वाटणार, आणि ती तें सपाट करून टाकणार. ठोके रेघांवर ओढून बसविणारी दुसरी एक युक्ति असते. ती तबलजीनें हेतुपुरस्सर मागें ठेवलेला ठोकाहि सुधारून देते. पुस्तकांत या दोन्ही गोष्टी दोष-दुरुस्तीच्या प्रकरणांत येतात. दोष कोणता आणि गुण कोणता, हें ठरविण्याचें काम तें प्रकरण करीत नाहीं.

यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतींत ही गोष्ट केवळ रागदारीपुरती नाहीं. पुसद-दिग्रस भागांतील बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत लेंगी गायिली जाते; नगारा आणि थाळी यांच्या साथीवर तिची लय हळूहळू चढत जाते. पांढरकवडा, मारेगांव, झरी या बाजूला कोलाम लोकांचीं वस्तीस्थानें आहेत. त्यांची कोलामी भाषा द्राविड कुळांतील असून त्यांचीं गाणीं तोंडोतोंडींच चालत आलेलीं आहेत. गोंडांचीं नृत्यगीतें निराळींच. या गाण्यांची लय चढते तेव्हां ती चुकलेली नसते, आणि स्वर पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या मध्यें पडतो तेव्हां तो घसरलेला नसतो. पुस्तक प्रामाणिकपणें शिकलेला एखादा उत्साही तरुण तांड्यावर जाऊन लेंगी टिपून आणतो, आणि पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें तिचे ठोके सरळ करितो, स्वर बारा खुंट्यांना बांधतो, आणि मोठ्या अभिमानानें ती ऐकवितो. गाणें स्वच्छ होतें. परंतु ज्या म्हातारीनें तें गायिलें, तिला तें ओळखूं येत नाहीं. मूळ लेखन पुसून टाकलेलें असेल, तर तिच्या पश्चात् तें कोणालाच ओळखूं येणार नाहीं.

हा धोका टाळण्याचे उपाय सोपे आहेत. मूळ लेखनाला कधींहि हात लावूं नये. त्याची प्रत काढून प्रतीवर काम करावें, आणि मूळ दोन निरनिराळ्या ठिकाणीं सांठवावें. लेखनाच्या आरंभींच गाव, तारीख, गाणाराचें नांव आणि प्रसंग बोलून ठेवावा. गाणाराची परवानगी घेतल्याशिवाय गाणें कोठेंहि प्रसिद्ध करूं नये. हा केवळ शिष्टाचार नव्हे. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत १९९४ मध्यें दुरुस्ती होऊन गायक-वादकांचा स्वतःच्या सादरीकरणावरील हक्क मान्य झालेला आहे.

अशा कामाचा मोठा नमुना महाराष्ट्रांत झालेलाच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांपैकीं हजारों ओव्या बायांच्याच आवाजांत ध्वनिमुद्रित केल्या. पिठाच्या गिरण्या आल्यावर जातें थांबलें, आणि जात्याबरोबर ओवीहि थांबली असती. तीं गाणीं आज ऐकतां येतात, तीं कोणी सुरेल करून ठेवलीं म्हणून नव्हे, तर जशीच्या तशीं ठेवलीं म्हणून.

तेव्हां पुस्तक मागविण्यास हरकत नाहीं. तें जरूर मागवावें. पहिल्या दोन महिन्यांत ध्वनिलेखन, पातळी, विलंब आणि सांठवण एवढ्याच चार गोष्टी पक्क्या कराव्या. घुमारा, दाब, स्वरदुरुस्ती हीं प्रकरणें मागाहून पाहावीं. आठवड्यांतून एकदां गांवांतील जाणत्या गवयाला किंवा तबलजीला घरीं बोलावून केलेलें काम ऐकवावें. त्याला संगणकांतलें अक्षरहि कळत नसेल, परंतु सम कोठें हुकली आणि गंधार कोठें टोंचला हें तो पहिल्या आवर्तनांतच सांगेल. वडिलांनींहि पुस्तकाचीं किती पानें झालीं हें विचारूं नये; या आठवड्यांत काय टिपलें तें ऐकव, असें म्हणावें. आणि घरांत ओवी किंवा जुनें गाणें येणारी आजी असेल, तर पहिला धडा तिच्यापासूनच सुरू करावा. पुस्तक पुढच्या महिन्यांतहि वाचतां येईल.